वारसा तुमचा, वास आमचा

मी ऑनलाइन खरेदीच्या एका कंपनीत वस्तूंची वर्णनं लिहिते. फोटोखाली साठेक शब्दांचा जो मजकूर असतो, जो न वाचताच तुम्ही 'कार्टमध्ये टाका'वर बोट ठेवता, तो माझ्यासारखं कुणीतरी लिहिलेला असतो. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला आल्या आणि पुढे कित्येक दिवस सगळ्यांचे फोन त्याच विषयाने तापलेले होते. आमच्या ऑफिसातही निरोप आला: चामड्याच्या सगळ्या वस्तूंची वर्णनं नव्याने लिहा, त्यात 'वारसा' दिसला पाहिजे.

मी लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला, हातांची ऊब, मातीचा गंध. जेवणाच्या सुट्टीआधी बारा बॅगा आणि सात पट्टे उरकले. शेजारच्या सहकारी मुलीने वाचलं आणि म्हणाली, "किती छान लिहितेस गं! पण मला एक कळत नाही, या लोकांच्या मुलांनी ही कामं सोडून का दिली? केवढी कला मरून चालली आहे."

'या लोकांची' एक मुलगी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मी "हो ना" म्हणाले आणि पुढचा फोटो उघडला.

ते "हो ना" तेव्हापासून मला टोचतंय. तिच्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू असता तर उत्तर सोपं होतं. पण गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न मी लेखांत वाचला, पॉडकास्टवर ऐकला, रील्सखालच्या कमेंट्समध्ये पाहिला. प्रत्येक ठिकाणी सूर हाच, की एक अनमोल ठेवा काही लोकांच्या हाती होता आणि त्यांच्या पोरांनी तो टाकून दिला. म्हणून मी आता सविस्तर उत्तर देते. आम्ही काय सोडलं, कशासाठी सोडलं, आणि ज्यांना त्याचं एवढं वाईट वाटतं त्यांनी काय करावं.

मोट

आम्ही ढोर. शब्द वाचून दचकला असाल तर साहजिक आहे. मराठीत ढोर म्हणजे गुरं. माझ्या जातीचं नाव आणि गोठ्यातल्या जनावराचं नाव एकच आहे. अनुसूचित जातींच्या यादीत याच नोंदीत कक्कया, कंकया, डोहोर ही नावंही आहेत आणि आमच्यातली बरीच शिकलेली मुलं 'कक्कया' एवढंच सांगतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, मीही ऑफिसात तेवढंसुद्धा सांगितलेलं नाही. इथे मुद्दाम जुना शब्द वापरते आहे, कारण आमचा धंदा त्या शब्दातच आहे. चांभार चामडं शिवतो. ते चामडं तयार करणारा, म्हणजे कातडं कमावणारा, तो ढोर.

माझे पणजोबा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात मोटा करायचे. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची भलीमोठी पिशवी, खाली हत्तीच्या सोंडेसारखी नळी असलेली. बैल उतरणीवर चालले की मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. 'मोटेवरची गाणी' तुम्ही ऐकली असतील. मोट हाकणाऱ्या शेतकऱ्यावर कविता झाल्या, चित्रं निघाली. मोट शिवणाऱ्यावर झालेली एखादी तुम्हाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा.

गावात कामं वाटलेली होती. जनावर मेलं की ओढून नेणं महारांकडे, कातडं कमावणं आमच्याकडे, पायताण शिवणं चांभारांकडे, दोर वळणं मांगांकडे. बदल्यात सुगीला धान्य. पणजोबांच्या मोटेने ज्या विहिरीतून पाणी निघायचं, त्या विहिरीवर पणजीला पाणी भरता येत नव्हतं. कातड्याला विटाळ नव्हता, ते विहिरीत बुडलेलं चालायचं. त्याला हात लावून ते कमावणारीला मात्र विटाळ होता. हे कोडं मी शाळेत असताना आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "मोट मुकी असती गं. तिला कुणी जात इचारत न्हाई."

कमावणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण 'व्हेजिटेबल टॅन्ड' असं छापलेली बॅग तुमच्याकडे असू शकते. कच्चं कातडं आधी चुन्याच्या हौदात टाकायचं. काही दिवसांनी केस सुटायला लागले की बाहेर काढून रापीने केस खरवडायचे, मग उलटं करून आतलं मांस आणि चरबी खरवडायची. धुवायचं, चुना निघेपर्यंत पुन्हापुन्हा धुवायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याच्या पाण्यात भिजवायचं. शेवटी कातड्याचीच पिशवी शिवून, ती टांगून, त्यात तेच तांबडं पाणी भरायचं आणि ते हळूहळू झिरपू द्यायचं. सगळं मिळून तीन-चार आठवडे. त्यात दिवसातून अनेकदा पालथं घालणं, ढवळणं, वास घेऊन अंदाज बांधणं.

यातलं निम्मं काम बायांचं होतं. साल कुटणं, पाणी वाहणं, केस खरवडणं. कातडं आतपर्यंत कमावलं गेलंय की नाही हे आजी त्याच्या जाड कडेला रापीने छेद देऊन रंगावरून सांगायची. मध्ये फिकट रेघ दिसली की अजून कच्चं. आजोबाही तिला विचारून पिशवी उतरवायचे. वारशाच्या गप्पांत नेहमी 'बापाकडून मुलाकडे' असं म्हणतात. आमच्या घरात ही विद्या सासूकडून सुनेकडे आली होती. तेही कुणी लिहीत नाही, अगदी मीसुद्धा त्या बारा बॅगांच्या वर्णनांत लिहिलं नाही.

हे ज्ञान होतं, याबद्दल मला शंका नाही. रसायनशास्त्रच होतं ते. पण ते शिकण्याची जी फी होती, ती मला माहीत आहे. आजीची नखं मरेपर्यंत तांबूस होती. चुन्याने बोटांची चामडी वरचेवर फाटायची. आणि वास. तो अंगाला, लुगड्याला, भाकरीला लागायचा. ज्या माणसाला हा वास येतो त्याला गावकुसाबाहेर ठेवायचं, आणि गावकुसाबाहेर ठेवलंय म्हणून त्याने हेच काम करायचं, असं ते चक्र होतं.

टॅनरी

आधी लोखंडी मोटा आल्या, मग डिझेलची इंजिनं, मग विजेचे पंप. कातड्याची मोट संपली. १९७२च्या दुष्काळाने उरलंसुरलं संपवलं. आजोबा आजीला आणि लहानग्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन मुंबईला आले. थेट धारावीत, कारण तिथे ढोरवाडा होता, गावाकडची माणसं होती आणि टॅनऱ्या होत्या.

मुंबईने कातड्याचा धंदा कायम स्वतःच्या कडेला ढकलत नेला आहे. शहर वाढलं तशा टॅनऱ्या त्याच्या तेव्हाच्या टोकाला, धारावीच्या दलदलीत आल्या. सोलापूर-साताऱ्याकडचे आमचे लोक आले, तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान आले. पुढे वांद्र्याचा कत्तलखाना १९७१मध्ये देवनारला गेला. मग धारावी शहराच्या मध्यात आली, जमिनीला भाव आला, आणि टॅनऱ्यांनाही धारावीतून उठावं लागलं. आजोबा मग रोज देवनारला जायला लागले. शहराला चामडं हवं होतं, पण ते जिथे तयार होतं ती जागा नजरेसमोर नको होती. गावात वेस होती, इथे महानगरपालिकेची हद्द आणि नकाशा होता.

ज्या शहराला आपण गिरण्यांचं शहर म्हणतो, त्याचं कापडही कातड्यावर चालत होतं. मागावर धोटा या टोकापासून त्या टोकाला फेकणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असायचा. यंत्रं फिरवणारे पट्टे चामड्याचे. सूत ओढणाऱ्या रुळांवरचं वेष्टण मेंढीच्या मऊ कातड्याचं. म्हणजे गिरणीत आमच्या हातचं चामडं सगळीकडे होतं. पण साळखात्यात, जिथे कापड विणलं जायचं आणि पगार चांगला होता, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा ओढायला त्याला तोंड लावावं लागायचं, आणि बाटलेला धोटा स्पृश्य विणकराला चालणार नव्हता. १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. धोट्याला दिवसभर हाणणारं कातडं चालत होतं. कातडं कमावणाऱ्याच्या जातीचं तोंड चालत नव्हतं. पणजोबांच्या मोटेची गोष्ट गिरणीत जशीच्या तशी होती, वर फक्त पत्र्याचं छप्पर आलं होतं.

कुणी म्हणेल, शहरात निदान यंत्र आलं, जात सैल झाली. काही प्रमाणात झाली, हे मी मान्य करते. क्रोमने कमावणं आलं. तीन-चार आठवड्यांचं काम एखाद-दोन दिवसांत व्हायला लागलं आणि कातडं तांबडं निघायच्या जागी निळसर निघायला लागलं. मालक कुठल्याही जातीचे, कुठल्याही धर्माचे असायला लागले. पण हौदात उतरणारे हात बदलले नाहीत. यंत्र आलं तेव्हा आमच्या ज्ञानाची किंमत गेली. अंगाला येणारा वास राहिला.

अस्वच्छ

आप्पा टॅनरीत गेले नाहीत. आजोबांनी जाऊ दिलं नाही. ते बॅगा बनवणाऱ्या एका कारखान्यात कटिंगला लागले. कारखाना म्हणजे पोटमाळ्यावरची एक खोली, सहा माणसं, दोन मशिनं. चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार होऊन यायचं. आप्पांची नजर अशी, की डाग, चिरा, गोचिडाची खूण टाळून एका कातड्यातून ते इतरांपेक्षा जास्त तुकडे काढायचे. बॅगेवर नाव दुसऱ्याचं लागायचं. दुकानातली किंमत आणि आप्पांची नगामागची मजुरी हे दोन्ही आकडे घरात सगळ्यांना पाठ होते आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

माझं शाळेचं दप्तर मात्र नायलॉनचं होतं, फुटपाथवरून घेतलेलं. चामड्याची बॅग करून द्या म्हणून मी रडले होते. आप्पा म्हणाले, "ती बघून कुणीतरी विचारणार, कुठून आणलीस. मग तू काय सांगशील?" मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. मला ते कंजूस वाटले.

माझ्या धाकट्या काकाची गोष्ट याच्या आधीची. सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. तिचं नाव नीट वाचा: अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती. मैला वाहणारे, कातडी सोलणारे, कातडी कमावणारे यांची मुलं त्यात येतात. काकाच्या वर्गात गुरुजींनी विचारलं, "अस्वच्छ धंदा करणाऱ्यांची मुलं कोण कोण आहेत? हात वर करा." काकाने हात वर केला नाही. घरी पैशांची किती गरज होती हे त्याला माहीत होतं. तरी केला नाही.

आता हे शेजारी ठेवा. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ही चपल ज्या चामड्याची, ते बाभूळ आणि हिरड्यात, पिशवी शिवून, हाताने कमावलेलं चामडं. मानांकनाच्या कागदावर ती परंपरा आहे, वैशिष्ट्य आहे, वारसा आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तेच काम अस्वच्छ आहे. दोन्ही कागद सरकारीच. एकाच हौदाला, त्यातून बाहेर काय पडतंय आणि कोण पडतंय यावरून, दोन नावं आहेत. चपल बाहेर पडली तर वारसा. पोरगा बाहेर पडला तर अस्वच्छ.

आणि ही कामं 'सोडून का दिली' असं विचारणाऱ्यांना मला विचारायचंय, काकाने त्या दिवशी हात वर करायला हवा होता का?

चपलेच्या अलीकडे

प्राडाच्या वादात माझ्या टाइमलाइनवरचे सगळे एका बाजूला होते. आपली चपल, आपली अस्मिता, आपल्या कारागिराचा अपमान. 'आपली' हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की मला तो नवीनच वाटायला लागला. चपल आपली झाली होती. ती करणारा कधी झाला होता? ज्यांच्या घरच्या लग्नाच्या जाहिरातीत आजही पोटजातीपर्यंत अटी असतात, तेही त्या आठवड्यात 'आपले कारागीर' म्हणत होते.

डिसेंबर २०२५मध्ये प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला. सुमारे २००० जोड इथे बनवायचे आणि सुमारे ८०० युरोंना एक जोड विकायचा, असं जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. ज्या कारागिरांना त्यातून काम मिळेल त्यांच्या ताटातला घास मी हिसकावणार नाही. पण त्या ८०० युरोंत कमावणाऱ्याचा वाटा किती, असा साधा प्रश्न मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हता. सगळ्या कॅमेऱ्यांना चपल शिवणारा दिसला. वेणी घालणारी बाई क्वचित दिसली. त्याच्या अलीकडचा हौद कुणालाच दिसला नाही. सोहळ्यातसुद्धा वास नको असतो.

इथे मला आपल्या आतलंही बोललं पाहिजे. चांभार स्वतःला ढोरांपेक्षा वरचे समजत आले, ढोर स्वतःला मांगांपेक्षा वरचे समजत आले. माझ्या आजीनेही एका शेजारणीच्या हातचं पाणी घ्यायला एकदा नकार दिलेला मी पाहिला आहे, आणि नकार देणारी बाई स्वतः आयुष्यभर विहिरीच्या खालच्या पायरीवर ताटकळलेली होती. उतरंडीत प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी दिलेलं असतं, म्हणून ती टिकते. तेव्हा 'कारागीर समाज' असा एक गोड शब्द वापरून हे सगळं झाकू नका. आम्हीही झाकायचं नाही.

सोडणं

१९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं, की मेलेली जनावरं ओढणं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. त्याने पोटावर पाय येणार होता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. १९३६च्या 'जातीचे निर्मूलन'मध्ये त्यांनी मांडलं, की जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि तीही एकमेकांच्या वर रचलेली. माणसाने कुठलं काम करायचं हे त्याच्या जन्माआधी ठरलेलं असेल, तर त्या कामात कितीही कौशल्य असो, तो त्या कामाचा कैदीच.

म्हणून 'कला का सोडली' या प्रश्नात एक चूक आहे. सोडणं ही आमच्याकडून झालेली हलगर्जी नव्हती. ते ठरवून, किंमत मोजून केलेलं काम होतं. आजोबांनी आप्पांना टॅनरीत जाऊ दिलं नाही, आप्पांनी मला रापीला हात लावू दिला नाही. या दोन नकारांवर माझी पदवी उभी आहे, आणि आज मी हा लेख लिहिते आहे तीही त्यांच्यावरच. घरात जपण्यासारखं काही आहे असं मला कुणी विचारलं तर मी हे दोन नकार दाखवेन.

आणि ज्यांनी सोडलं नाही, त्यांचं काय झालं तेही बघा. मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कातड्याचा बाजार आकसला. जुलै २०१६मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं गेलं आणि त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच अभिमानाने पसरवला. ते तरुण परंपरेने त्यांच्यावर आलेलं कामच करत होते. वारसा जपत होते, असं म्हणा ना. त्यानंतर गुजरातमधल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचंच थांबवलं आणि सुरेंद्रनगरला ती कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तेव्हा कुणी 'कला मरते आहे' म्हणून हळहळलं नाही. सगळ्यांना एकदम वास आला.

आक्षेप

माझ्या ओळखीतले शहाणे लोक इथे दोन गोष्टी म्हणतात.

पहिली: असं तर प्रत्येक हस्तकलेचं आहे. विणकर, कुंभार, बुरूड, सगळेच गरीब राहिले. खरं आहे. पण तोट्यात जाणारा धंदा आणि विटाळ लावणारा धंदा यांत फरक आहे. गरीब विणकराच्या पैठणीवर लोकांनी हात फिरवला, तेव्हा तिच्या पाठीमागे कुणी हात धुतले नाहीत.

दुसरी: तुम्ही सोडलंत ते ठीक, पण मग ज्ञान नष्ट होतं त्याचं काय? हा प्रश्न मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि प्रामाणिकपणे सांगते, दुखतोही. आजी गेली तेव्हा कातड्याच्या छेदातला रंग वाचणारी आमच्या घरातली शेवटची नजर गेली. मला ती रेघ ओळखता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि ते वाचवण्याची जबाबदारी फक्त माझ्यावर टाकणं वेगळं. ज्ञान सगळ्या समाजाचं म्हणायचं आणि ते जपायचा ठेका एका जातीला द्यायचा, हे जुन्याच व्यवस्थेचं नवं पॅकिंग झालं. मला माहीत आहे, पॅकिंगवरचा मजकूर मीच लिहिते.

एकदा वेगळं घडलं होतं. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय निघालं आणि तिथे गोपाळराव वाळुंजकरांनी स्वतः कातडं कमावण्याचं काम शिकून घेतलं. त्या धाडसाचा मला आदर आहे. त्यांच्या बाबतीत त्या कामाला सेवा म्हटलं गेलं, माझ्या आजीच्या बाबतीत बलुतं. फरक हातांत नव्हता. त्यांना ते काम निवडता येत होतं आणि नको झालं तर सोडताही येत होतं. सोडल्यावर कुणी त्यांना विचारलं नसतं, की एवढी कला होती, का सोडलीत?

मग करायचं काय

मला तक्रार करून थांबायचं नाही. तीन गोष्टी मागते.

एक. जिथे जिथे 'हाताने कमावलेलं चामडं' असं छापून जास्त पैसे घेता, तिथे कमावणाऱ्याला त्या टप्प्याचे किती पैसे मिळाले हेही छापा. दुधाच्या पिशवीवर फॅटचं प्रमाण छापता येतं, तर हेही येईल. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्या महामंडळांनी याची सुरुवात करावी. चपलेची किंमत वाढते तेव्हा हौदातली मजुरी वाढली का, हे एकदा जाहीर होऊ द्या.

दोन. हे काम जातीच्या दाखल्यापासून सोडवा. आज गटई कामगाराला सरकार पत्र्याचा स्टॉल देतं. रस्त्यावर उन्हात बसणाऱ्याला तो लागतो, त्याला माझी ना नाही. पण चांभाराच्या पोराला स्टॉल आणि डिझाइनची पदवी दुसऱ्याच्या पोराला, ही वाटणी मला मान्य नाही. चामड्याचं रसायनशास्त्र, डिझाइन, विक्री हे सगळ्यांना खुलं शिक्षण असू द्या. आज ज्या म्हाताऱ्या कमावणाऱ्यांना, कटिंग मास्तरांना हे येतं, त्यांना तिथे मजूर किंवा प्रदर्शनातली वस्तू म्हणून न नेता शिक्षक म्हणून, शिक्षकाच्या पगारावर न्या. माझे आप्पा शिकवतील. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

तीन. हौदात माणूस उतरवणं बंद करा. हातमोजे, बूट, सांडपाण्याची व्यवस्था, यंत्र, जे लागेल ते आणा. काम स्वच्छ होऊ शकतं. ते अस्वच्छ राहिलं, कारण ते करणारे स्वस्त होते.

बाराव्या शतकातली एक गोष्ट आमच्या लोकांत सांगतात. कल्याणला बसवण्णांच्या शरणांमध्ये आमचे कक्कया होते, चांभार हरळय्याही होते. हरळय्या आणि त्यांच्या बायकोने स्वतःच्या मांडीची कातडी काढून बसवण्णांसाठी पादत्राणं केली. बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी ठरलं आणि लागलं. त्याबद्दल राजाने दोन्ही बापांना मरणाची शिक्षा दिली. चपल डोक्यावर घेतली म्हणून कुणाला शिक्षा झाली नव्हती. आठशे वर्षं झाली, कसोटी तीच आहे. चपलेला डोक्यावर घेणं सोपं असतं.

परवा त्या बारा बॅगांपैकी एकीचं वर्णन मी बदलून पाठवलं. 'हे चामडं ज्यांनी कमावलं त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत,' एवढं एकच वाक्य शेवटी जोडलं. तासाभरात ते काढून टाकलेलं परत आलं, सोबत शेरा: 'खरेदीचा मूड जातो.' बरोबरच आहे. आमचाही गेला होता.

तर माझ्या शेजारच्या मैत्रिणी, तू हे वाचशील याची मला खात्री आहे, कारण असल्या लिंक्स तूच मला पाठवतेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर आलं आहे. कला मरू नये असं तुला मनापासून वाटतं, हेही मला माहीत आहे. मग ये. चुना आहे, बाभळीची साल आहे, हिरडा बाजारात मिळतो. आप्पा शिकवायला तयार आहेत. आम्ही रिकाम्या केलेल्या त्या जागेवर कुठलंही आरक्षण नाही, प्रवेश सगळ्यांना खुला आहे.